किरणोपचारानंतरचे दात : कर्करोग बरा होतो, कीड मागे राहते

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन घरी परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार घडते. सात-आठ महिने उलटतात, गिळणे सुधारते, वजन थोडे वाढते, आणि एके दिवशी भाकरीचा तुकडा चावताना पुढचा दात हिरडीलगत मोडून हातात येतो. दुखत नाही, रक्त येत नाही. आरशात पाहिले तर शेजारच्या दातांच्या मुळाशीही तपकिरी-काळे कडे दिसते. ज्याने आयुष्यात कधी दंतवैद्याची पायरी चढलेली नसते, ज्याचे दात गावात मजबूत म्हणून ओळखले जात, त्याचेही असे होते. रुग्णाला वाटते, रोग उलटला. रोग उलटलेला नसतो. उपचाराचा हा उशिरा दिसणारा परिणाम असतो आणि तो पुष्कळ अंशी टाळता येतो.

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या मुखेड तालुक्यासारख्या भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील रुग्ण किरणोपचारासाठी लातूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी, हैदराबाद किंवा थेट मुंबईच्या परळपर्यंत जातो. उपचार सहा-सात आठवड्यांत संपतात. दात मात्र त्यानंतर वर्षभराने, गावी असताना पडू लागतात. तेव्हा कर्करोग रुग्णालय दूर असते आणि जवळच्या दंतवैद्याला रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. हानी होते ती बहुधा या दोन ठिकाणांमधल्या अंतरात.

तंबाखूची पार्श्वभूमी

मराठवाड्यात डोके व मानेच्या कर्करोगाचे मूळ बहुतांशी तंबाखूत आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे केवळ 3.8 टक्के होते. म्हणजे येथील तंबाखू ओढली जाते त्यापेक्षा किती तरी अधिक प्रमाणात चघळली जाते, गालफडात धरली जाते किंवा मिसरी म्हणून दातांवर घासली जाते. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तलफ मात्र बंदीने सुटलेली नाही. साहजिकच येथील कर्करोग गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीवर, जिभेच्या कडेला अधिक होतो, आणि किरणोपचार करताना जबडा व दात थेट माऱ्याच्या टप्प्यात येतात.

बार्शीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्याने 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर परंडा व भूम हे मराठवाड्यातील तालुके तिच्या कक्षेत होते. खेड्यातील कर्करोगाचे चित्र शहरापेक्षा वेगळे असू शकते, हे आकड्यांनी तपासण्याची सोय त्यामुळे झाली. उपचारांच्या खर्चाची अडचणही पुढे काही प्रमाणात कमी झाली. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जन आरोग्य योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. किरणोपचार त्या योजनेत आहेत. उपचार घेऊन जगणारे रुग्ण जसे वाढतील, तसे त्यांच्या दातांचे प्रश्नही वाढणार, हे उघड आहे.

लाळ नाहीशी होते तेव्हा

किरणोपचार, ज्याला खेड्यापाड्यांत 'लाइट देणे' किंवा 'शेक' म्हणतात, ते सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, रोज सुमारे दोन ग्रे या मात्रेने दिले जातात. पूर्ण उपचारात ही बेरीज 60 ते 70 ग्रेपर्यंत जाते. कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी एवढी मात्रा लागते. परंतु कानाखालील, जबड्याखालील आणि जिभेखालील लाळग्रंथी त्याच परिसरात असतात आणि त्या विलक्षण नाजूक ठरतात. एरवी भराभर विभाजन पावणाऱ्या पेशी किरणांना आधी बळी पडतात. लाळग्रंथीच्या पेशी तशा नसतात, तरीही पहिल्या आठवड्यातच लाळ जवळजवळ निम्म्यावर येते. त्यातही पातळ, पाण्यासारखी लाळ निर्माण करणाऱ्या पेशी आधी जातात. चिकट लाळ निर्माण करणाऱ्या थोड्या तग धरतात. त्यामुळे तोंड कोरडे आणि त्याच वेळी तारा सुटाव्यात तसे चिकट, अशी विचित्र अवस्था रुग्ण सांगतात.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुऊन नेते, जंतूंनी साखरेपासून तयार केलेले आम्ल सौम्य करते आणि त्यातील कॅल्शियम व फॉस्फेट दाताच्या पृष्ठभागावर झालेली बारीक झीज दिवसातून अनेकदा भरून काढते. दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, तोंडातील सामू 5.5 च्या खाली गेल्यावर विरघळू लागते. आतले डेंटिन आणि मुळाचा उघडा भाग तर त्याहून सौम्य आम्लातही विरघळतो. किरणोपचारानंतर उरलेल्या लाळेचा सामू सातच्या आसपासवरून पाचाच्या जवळ येऊ शकतो. याचा अर्थ, काही न खाताही दात अशा वातावरणात राहतात की जेथे त्यांची झीज चालूच असते. त्यात कीड करणारे जंतू व बुरशी यांचे प्रमाण अनेक पटींनी वाढते.

सर्वच रुग्णांना हा धोका सारखा नसतो. स्वरयंत्राच्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगात किरणांचे क्षेत्र लहान असते आणि लाळग्रंथी बऱ्याच अंशी वाचतात. नाकामागील भागाच्या किंवा टॉन्सिलच्या कर्करोगात दोन्ही बाजूंच्या ग्रंथी क्षेत्रात येण्याची शक्यता अधिक असते. म्हणून 'मला रेडिएशन दिले' एवढी माहिती पुरेशी नसते. ते कोठे आणि किती दिले, हे महत्त्वाचे असते.

ही कीड वेगळी कशी

सामान्य कीड दाढांच्या खाचांत किंवा दोन दातांच्या फटीत लागते आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. किरणोपचारानंतरची कीड नेमकी तेथे सुरू होते जेथे दात सहसा किडत नाहीत: हिरडीलगतच्या मानेवर, पटाशीच्या दातांच्या कडांवर, सुळ्यांच्या टोकांवर. खालचे पुढचे दात एरवी लाळेत न्हालेले असतात आणि सर्वांत शेवटी किडतात. येथे तेही सुटत नाहीत. मानेभोवती कीड गोल फिरते आणि झाड बुंध्याशी कुरतडले जावे तसा दाताचा वरचा भाग एक दिवस तुटून पडतो. काहींच्या बाबतीत इनॅमलचे पापुद्रे सुटतात, तर काहींचे सगळे दात एकसारखे काळपट होतात. उपचारानंतर तीन महिने ते वर्षभराच्या आत हे सुरू होऊ शकते. जगभरातील अभ्यास एकत्र पाहता किरणोपचार घेतलेल्या रुग्णांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक जणांना अशी कीड लागलेली आढळते.

दुखत नाही, हा या किडीचा सर्वांत फसवा गुण. दुखणे सुरू झाल्यावर दंतवैद्याकडे जाण्याची आपल्याकडची सवय येथे उपयोगाची नाही.

किरण थेट दातालाच दुबळे करतात की दोष केवळ लाळेच्या अभावाचा, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. 60 ग्रेहून अधिक मात्रा मिळालेल्या दातांचे नुकसान बरेच अधिक होते, इनॅमल आणि डेंटिन यांचा सांधा कमकुवत होतो, असे काही संशोधकांचे निष्कर्ष आहेत. दुसरीकडे, किरणांच्या क्षेत्राबाहेरचे दातही लाळ गेल्यावर तसेच किडतात, हेही दिसून आले आहे. रुग्णाच्या दृष्टीने या वादाचा निकाल काहीही लागला तरी काळजी एकच घ्यावी लागते.

गोड चहा आणि बिस्किटे

किरणोपचाराच्या काळात तोंड सोलवटलेले असते. ठेचा, तिखट कालवण, कडक भाकरी काहीच जात नाही. मग घरातील माणसे प्रेमाने जे देतात ते जवळजवळ सगळे गोड असते: चहात बुडवलेली ग्लुकोज बिस्किटे, शिरा, साखर घातलेले दूध, ग्लुकोजचे पाणी. घसा कोरडा पडला की तोंडात खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी. वजन घटत असल्याने डॉक्टरही थोडे थोडे, वारंवार खाण्यास सांगतात. सल्ला योग्यच असतो. पण लाळ नसलेल्या तोंडात दर तासाला साखर जात राहणे म्हणजे किडीला अखंड रसद पुरवण्यासारखे आहे.

यातून मार्ग निघतो. बळ साखरेतूनच मिळते असे नाही. तूप घातलेला मऊ वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेली पातळ भाजी, मऊ शिजवलेले अंडे, मुगाची पातळ खिचडी यांतून उष्मांक आणि प्रथिने दोन्ही मिळतात. गोड खायचेच असेल तर ते जेवणाबरोबर एकदाच खावे, दिवसभर पुरवून पुरवून नव्हे, आणि लगेच चूळ भरावी. चहा बिनसाखरेचा किंवा अगदी कमी साखरेचा. लिंबू व चिंच चोखल्याने लाळ सुटल्याचा भास होतो खरा, पण त्यांतील आम्ल दातांची झीजच करते. कोरडेपणासाठी साध्या पाण्याचे घोट जवळ ठेवावेत. बिनसाखरेचे च्युइंगगम चालते, मात्र ग्रंथींत थोडे बळ शिल्लक असेल तरच ते उपयोगी पडते. लाळ वाढवणारी पायलोकार्पिनसारखी औषधे आहेत, पण दमा किंवा काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असलेल्यांना ती देता येत नाहीत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

चुळा भरण्यासाठी बाजारातील अल्कोहोलयुक्त द्रव टाळावेत. एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी दिवसातून अनेक वेळा वापरावे. ते आम्ल मारते आणि चिकट लाळ सैल करते. खर्च जवळजवळ शून्य.

मिसरीबाबत मात्र तडजोड नाही. कर्करोगाचे उपचार झाल्यावरही 'दात साफ होतात' म्हणून मिसरी चालू ठेवणाऱ्या, विशेषतः वयस्क, स्त्रिया आढळतात. घरातील सुना-मुलींनी हे नजरेआड करू नये.

फ्लोराइड : पाण्यातले आणि नळीतले

या किडीविरुद्धचे सर्वांत भरवशाचे साधन फ्लोराइड हेच आहे. ह्यूस्टन येथील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ दात स्वच्छ ठेवणाऱ्या किरणोपचारित रुग्णांचे दात झपाट्याने किडले, तर रोज एक टक्का सोडियम फ्लोराइडची जेल लावणाऱ्यांची कीड मोठ्या प्रमाणात रोखली गेली, असे दिसले. जवळजवळ अर्धशतकानंतरही मूळ उपाय तोच आहे. रुग्णाच्या दातांचे माप घेऊन मऊ प्लास्टिकचा साचा बनवतात, त्यात जेल भरून तो रोज पाच ते दहा मिनिटे दातांवर बसवतात, मग थुंकून टाकतात. पुढचा अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. साचा शक्य नसल्यास अधिक फ्लोराइडची टूथपेस्ट आणि दर तीन महिन्यांनी दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप, हा पर्याय आहे. जेल आम्लयुक्त नसावी, कारण तिने सोलवटलेले तोंड झोंबते आणि सिमेंटची फिलिंगही झिजतात.

हे किती दिवस करायचे, असे प्रत्येक रुग्ण विचारतो. लाळ पूर्ववत झाली नाही तर आयुष्यभर. या उत्तराने अनेक जण खचतात आणि पहिल्या वर्षातच जेल सोडतात. उपायातील खरी अडचण औषधाची नसून चिकाटीची आहे, हे मान्य केले पाहिजे.

नांदेड जिल्ह्यात याबाबत एक वेगळा गैरसमज संभवतो. जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात आणि वाकलेली हाडे लोकांनी पाहिली आहेत. त्यामुळे 'फ्लोराइड वाईट' अशी भीती असते, किंवा उलट, 'आमच्या पाण्यातच फ्लोराइड आहे, वेगळे कशाला' असा युक्तिवाद होतो. दोन्ही चूक. पाण्यातून पोटात जाणारे फ्लोराइड वाढत्या वयात दातांत आणि पुढे हाडांत साठते. जेलमधील फ्लोराइड दाताच्या बाहेरून काम करते आणि थुंकले जाते. त्या पाण्याने या रुग्णाचे दात वाचणार नाहीत, आणि या जेलने त्याची हाडे वाकणार नाहीत.

उपचारांपूर्वीचे पंधरा दिवस

दंतवैद्याची खरी गरज किरणोपचार संपल्यावर नव्हे, सुरू होण्यापूर्वी असते. वाचू न शकणारे दात, हलणारे दात, मोडून आत राहिलेली मुळे, अर्धवट उगवून सुजणाऱ्या अक्कलदाढा, आणि हे सारे जबड्याच्या ज्या भागात किरणांची मात्रा अधिक जाणार तेथे असेल, तर ते आधी काढावे लागतात. काढल्यानंतर जखम भरण्यास किमान दोन आठवडे मिळावेत, असा संकेत आहे. एके काळी किरणोपचारापूर्वी सगळेच दात सरसकट उपटण्याची पद्धत होती. ती आता मागे पडली आहे. चांगले दात काढण्याचा आग्रह कोणी धरू लागल्यास कारण विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. मात्र दातांसाठी कर्करोगाचा उपचार लांबवणे हेही योग्य नव्हे.

आपल्याकडे एक सोय आहे, तिचा लाभ मात्र नेहमी घेतला जात नाही. गाल व हिरडीच्या कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया होते आणि साधारण सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू होतात. खराब दात त्याच भुलीखाली काढले तर जखम भरण्यास आपोआप वेळ मिळतो आणि रुग्णाची एक खेप वाचते. शस्त्रक्रियेपूर्वी दंतवैद्याने तोंड पाहिलेले असले पाहिजे, एवढीच अट.

गुटखा-सुपारीने ज्यांचे तोंड आधीच आखडलेले असते, त्यांची स्थिती अधिक बिकट. तीन बोटे उभी मावत नसतील अशा तोंडात दाढेपर्यंत ब्रशही पोचत नाही, मग साचा कसा बसणार? किरणोपचाराने स्नायू आणखी आवळतात. तोंड उघडण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून करावेत. आइस्क्रीमच्या सपाट काड्या एकावर एक दातांत धरून दर आठवड्याला एक काडी वाढवत नेणे, हा साधा उपाय रुग्णालयांतही शिकवला जातो.

जबड्याचे हाड

किरणोपचारानंतर वर्षांनी दात उपटणे यात धोका का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी 1983 मध्ये मांडल्याप्रमाणे किरण मिळालेल्या हाडात रक्तवाहिन्या, पेशी आणि प्राणवायू तिन्ही कमी झालेले असतात. एरवी काही आठवड्यांत भरणारा दाताचा खळगा भरत नाही, हाड उघडे पडते, पू होतो, जबडा मोडतोही. तीन महिन्यांहून अधिक काळ उघडे राहिलेले असे हाड म्हणजे किरणजन्य अस्थिमृत्यू. आधुनिक तंत्रात त्याचे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास आहे. वरच्या जबड्यापेक्षा खालच्यात किती तरी अधिक. हा धोका दोन-चार वर्षांत संपत नाही. दहा वर्षांनीही तो असतो.

म्हणून अशा रुग्णाचा दात शक्यतो काढू नये. रूट कॅनॉल करून, वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवता येते. काढणे अटळ असेल तर कमीत कमी इजा करून, प्रतिजैविकांच्या आवरणाखाली, आणि कर्करोग रुग्णालयाशी बोलून. उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कक्षात बसवल्याने हा धोका टळतो अशी मोठी आशा होती. पण ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही. लहान गावातील रुग्णाने त्यासाठी शहराच्या खेपा घालण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

कवळीची घाईही महागात पडते. कोरड्या तोंडात ती घासते, जखम होते आणि त्याच जखमेतून हाड उघडे पडू शकते. उपचारानंतर सहा महिने ते वर्ष थांबून, तपासणी करूनच ती बसवावी.

ग्रंथी वाचवणारे तंत्र

नवीन यंत्रांवर किरणांचा आकार गाठीच्या आकाराप्रमाणे बदलता येतो. त्यामुळे कानाखालील एक तरी ग्रंथी वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. टाटा स्मारक केंद्रात 2005 ते 2008 या काळात 60 रुग्णांवर झालेल्या तुलनेत, उपचारांच्या काळात लाळग्रंथींना मध्यम किंवा अधिक त्रास झालेल्यांचे प्रमाण जुन्या त्रिमितीय पद्धतीत 89 टक्के, तर या आयएमआरटी पद्धतीत 59 टक्के आढळले. ब्रिटनमधील 2011 च्या चाचणीत वर्षभरानंतर हेच अंतर 74 आणि 38 टक्के असे होते. फरक मोठा आहे. तरी नव्या पद्धतीतही अनेकांचे तोंड कोरडे राहतेच, आणि कर्करोग ग्रंथीच्या शेजारीच असेल तर ग्रंथी वाचवणे डॉक्टरांच्या हाती नसते.

कागद जवळ असावा

किरणोपचार संपल्यावर रुग्णालयातून मिळणारा गोषवारा बहुतेक घरांत योजनेच्या कागदांसोबत पेटीत बंद होतो. दंतवैद्याच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा कागद आहे. रोग कोठे होता, किरण कोणत्या बाजूला आणि किती ग्रे दिले, केव्हा संपले, केमोथेरपी झाली का, ही माहिती त्यात असते. त्याची एक प्रत मुखेडच्या किंवा जवळच्या ज्या दंतवैद्याकडे रुग्ण नेहमी जाणार त्याच्याकडे ठेवावी आणि पहिले वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी, पुढे दर चार-सहा महिन्यांनी दात दाखवावेत. लातूर येथे आणि नांदेडला विष्णुपुरी परिसरात दंत महाविद्यालये आहेत. साचा बनवणे, रूट कॅनॉल किंवा गुंतागुंतीचा दात यांसाठी तेथवर जाणे मुंबईपेक्षा खचितच सोपे आहे. आणि बाजाराच्या दिवशी दाढ दुखते म्हणून कोणाकडेही ती उपटून घेण्यापूर्वी, खुर्चीत बसतानाच सांगावे, की या जबड्याला रेडिएशन दिलेले आहे.